चुन्याची सफेदी : माझा अनुभव

(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



असे सर्वांसमोर उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. आजवर मंडळाच्या कार्यक्रमात माझे काम आतले असे. चहा करायचा, उसळ ढवळायची आणि सगळे संपले की भांडी मोजून घ्यायची. पण गेल्या महिन्याच्या बैठकीत आपल्या मंडळाच्या खोलीला रंग काढण्याचा विषय निघाला, आणि मी मागच्या रांगेतून म्हणाले, “प्लास्टिक पेंट नको, चुना काढू.” सगळ्या हसल्या. एक जण तर म्हणाली, “म्हणजे तू मंडळालाच चुना लावणार!” तेव्हा अध्यक्षबाईंनी सांगितले, “हसू नका. तिला हळदीकुंकवाच्या दिवशी बोलू दे, मग ठराव करू.” म्हणून आज मी उभी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. त्यामुळे पुस्तकातले फार सांगता येणार नाही. जे माझ्या घरात घडले तेच सांगते. चुकले तर सांभाळून घ्या.

आज हळदीकुंकू आहे, तेव्हा सुरुवातही तिथूनच करू. ओवाळायच्या तबकात आपण हळदीत बोटभर चुना कालवतो आणि पाणी कसे लालभडक होते! पानाला चुना लागतोच. कोहळ्याच्या फोडी पेठ्यासाठी चुन्याच्या निवळीत टाकतो, म्हणजे त्या कडक राहतात. चुना आपल्या घरात असतोच. फक्त भिंतीवरून आपण तो घालवला. माझ्या घरातून तो मीच घालवला, आणि त्याची शिक्षा मात्र माझ्या सासूबाईंनी भोगली. ती हकिकत आधी सांगते.

आमचे घर आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिले आहे. सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेले. चिऱ्याच्या भिंती, चिऱ्यांमध्ये माती, वरून चुना-रेतीचा गिलावा आणि त्यावर दर वर्षी चुन्याची सफेदी. मी लग्न होऊन आले तेव्हा दिवाळीच्या आधी घरातली सगळी माणसे कामाला लागत. सासरे कुंचा मारीत, सासूबाई चुना गाळून देत आणि मी खाली सांडलेले पुसत असे. मला ते मुळीच आवडत नसे. पडवीत भिंतीला टेकून बसले की पदराला पांढरे लागे. माहेरी माझ्या भावाने सिमेंटचे घर बांधले होते. त्याच्या भिंती गुळगुळीत आणि चकचकीत, ओल्या फडक्याने पुसाव्या अशा. तिथून परत आले की आमचे घर मला फार जुनाट वाटे.

२०१८ साली धाकट्या भावोजींचे लग्न ठरले. पाहुणे येणार, नवी जाऊ येणार. मी हट्टच धरला की आता घर नीट करायचे. भिशीचा माझा नंबर त्याच सुमारास लागला होता, ते पैसे मी पुढे केले. आमचे हे म्हणाले, “आईला विचार.” मी विचारले, पण कसे, तर सगळे ठरवून झाल्यावर. सासूबाई एवढेच म्हणाल्या, “गो, भिंतीक घाम येता. तो सुकाक वाट होयी.” मला वाटले, म्हाताऱ्या माणसाचे काहीतरी. भिंतीला कसला घाम!

रंगारी आले. जिथे जुना गिलावा सुटला होता तिथे त्यांनी सिमेंटचा गिलावा केला आणि सगळ्यावर लांबी भरून प्लास्टिक पेंट दिला. माजघर फिकट गुलाबी, सासूबाईंची खोली आकाशी. बाहेरून पिवळा रंग, तोही पाणी न शिरणारा म्हणून मुद्दाम महागाचा. दहा वर्षे बघायला नको, असे आम्हाला सांगितले होते. लग्नात सर्वांनी नावाजले. मी त्या आठवड्यात फार मिरवले, हे कबूल करते.

पहिल्याच पावसाळ्यात सासूबाईंच्या खोलीत जमिनीपासून हातभर उंचीवर रंगाला फुगे आले. बोटाने दाबले तर आतून पाणी आले. गणपतीला ते फुगे फुटले आणि पोपडे गळू लागले. आतून मिठासारखी पांढरी भुकटी बाहेर आली, ज्याला आपण लोणा लागला म्हणतो. रंगाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, वरून आणखी एक हात देऊ. दिला. दुसऱ्या पावसाळ्यात फुगे कमरेपर्यंत आले, आणि पलंगामागे हिरवी-काळी बुरशी धरली. कपाटातल्या लुगड्यांना वास येऊ लागला. मी खडेमीठ ठेवले, डांबराच्या गोळ्या ठेवल्या, धूप घातला. भिंत पुसायची आणि पुन्हा आठ दिवसांनी पुसायची, हाच उद्योग झाला.

मग २०२० साल आले. त्या वर्षी कोणी नुसते खोकले तरी माणसे लांब सरत होती, हे तुम्हाला आठवत असेल. पावसाळ्यात सासूबाईंना खोकला सुरू झाला. रात्री झोपल्या की धाप लागे, उठून बसल्या की बरे वाटे. आळीत कुजबूज झाली. दूध घालणारा भाऊही खळ्याच्या बाहेरच थांबू लागला. तपासणी केली, तिच्यात काही निघाले नाही. तरी खोकला थांबेना. शेवटी डॉक्टरांनी विचारले, “या झोपतात कुठे? खोलीला ओल आहे का? भिंतीला बुरशी आहे का?” मी मान खाली घातली. ते म्हणाले, “औषध मी देतो, पण आधी यांना त्या खोलीतून बाहेर काढा. दम्याच्या माणसाला बुरशीची हवा फार वाईट.”

त्या रात्री सासूबाईंचा बिछाना आम्ही माजघरात आणला. आठ-दहा दिवसांत खोकला कमी झाला. मैत्रिणींनो, त्या दोन पावसाळे त्या खोलीत झोपल्या होत्या आणि एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. मी नंतर विचारले, “आई, तुम्ही सांगितले का नाही?” तर म्हणाल्या, “तुझ्या भिशीचे पैसे होते गो.” हे बोलणे माझ्या मनातून अजून जात नाही. आज मी इथे उभी आहे ती मुख्यतः यासाठीच.

पुढे २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले. आपल्या सर्वांचीच कौले उडाली, आमचीही उडाली. भिंती वरून भिजल्या आणि लगेच पावसाळा लागला. त्या वर्षी भिंत सुकलीच नाही. बाहेरचा महागाचा पिवळा रंग पिशवीसारखा लोंबू लागला. आता काहीतरी मुळापासून करायला हवे होते. यांच्या ओळखीचे एक म्हातारे गवंडी आहेत. देवळांची आणि जुन्या घरांची कामे केलेले, चुन्यातले जाणकार. आम्ही त्यांना मामा म्हणतो. ते आले, भिंतीवर हाताची मूठ आपटत सगळीकडे फिरले आणि म्हणाले, “वहिनी, ह्या भिंतीक श्वास घेवक गावणा नाय.” सासूबाईंनी तीन वर्षांपूर्वी सांगितलेलेच ते. पण तेव्हा मला कळले नव्हते.

मामांनी मला समजावले ते असे. आपला चिरा म्हणजे भोके असलेला दगड. त्यातली माती पाणी पिते. पावसाळ्यात जमिनीतून, झडीतून भिंत पाणी पिणारच. दिवाळीनंतर ऊन पडले की तीच भिंत ते पाणी हळूहळू हवेत सोडते. वर्षानुवर्षे तिचा हा क्रम. माठाचे उदाहरण घ्या. मातीच्या माठाला घाम येतो, म्हणून आत पाणी गार राहते. त्याच माठाला बाहेरून ऑइल पेंट फासला तर घाम बंद होतो. भिंतीचेही तसेच. चुन्याच्या थराला बारीक बारीक छिद्रे असतात, त्यातून ओल वाफ होऊन निघून जाते. सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिकचा रंग म्हणजे घामेजलेल्या माणसाला रेनकोट घालून वर गुंड्या लावण्यासारखे. पाणी आत कोंडते, त्यातले क्षार रंगाच्या मागे साठतात आणि ते फुलले की रंगाला ढकलून देतात. म्हणजे रंग वाईट होता असे नव्हे. त्या भिंतीला तो रंग चालत नव्हता.

आता हा चुना म्हणजे काय, हे माझ्या मुलीने मला शिकवले. चुनखडी किंवा समुद्रावरचे शिंपले भट्टीत खूप तापवले की त्यातला एक वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. कळीवर पाणी पडले की ती उकळते, फुटते, विरते. हा झाला विरवलेला चुना. तो भिंतीवर लागला की हवेतला तोच वायू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. मुलीने पेल्यात चुन्याची निवळी घेतली आणि नळीने फुंकर मारली, तर पाणी दुधासारखे झाले! ती म्हणाली, “आई, भिंतीवर हेच होतं, फक्त हळूहळू.” हा धडा माझ्या वाट्याला शाळेत आला नव्हता, तो घरी आला. म्हणजे चुना हा नुसता वरून फासायचा रंग नव्हे. भिंतीवर दगडाचा पातळ पापुद्रा तयार होतो, आणि तोही श्वास घेणारा.

त्याची ताकद बघायची तर लांब जायला नको. १६६४ साली काम सुरू झालेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात महाराजांच्या हातापायाचे म्हणून जे ठसे आपण भक्तीने पाहतो, ते चुन्यातच आहेत. आपल्याकडच्या आणि गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्यावर लाल अशी जी कावी नक्षी दिसते, तीही चुन्याच्या गिलाव्यावरच कोरलेली. आणि चुना ताजा असतो तेव्हा इतका जहाल असतो की बुरशीला त्यावर जगता येत नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा घराघरांना चुन्याची सफेदी करवून घेत. प्लेग उंदरांच्या पिसवांनी पसरतो हे पुढे कळले, तेव्हा चुन्याने प्लेग जातो असे मी म्हणणार नाही. पण कोंदट खोली स्वच्छ करायला माणसांना पहिल्याने चुना आठवे, एवढे खरे.

आता काम कसे केले ते सांगते, कारण पुष्कळ जणींनी मला तेच विचारले आहे.

मामांनी आधी कुंच्याला हातच लावू दिला नाही. म्हणाले, आधी पाणी कुठून येते ते बघा. तर घरामागे पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायथ्याशीच साचत होते, आणि लग्नाच्या वेळी आम्ही तिथेच सिमेंटचा कोबा केला होता. तो फोडला, गटार खणून पाणी माडांच्या बुंध्याकडे काढून दिले, कौले नीट केली. मग सासूबाईंच्या खोलीतला रंग, लांबी आणि सिमेंटचा गिलावा खरवडून काढला. हे काम फार जिकिरीचे. चुना प्लास्टिकच्या रंगावर धरत नाही, म्हणून ते केल्यावाचून गत्यंतर नव्हते. लोण्याची भुकटी कोरड्या ब्रशाने झाडली. पाण्याने धुतली असती तर ती पुन्हा भिंतीतच शिरली असती. आणि मग भिंत उघडी ठेवली. दिवाळीनंतर खरवडलेली भिंत माघ संपेपर्यंत नुसती वाळत होती. नंतर एक भाग चुना आणि तीन भाग रेती असा गिलावा केला, तोही पाणी शिंपून सावकाश मुरू दिला.

चुना आम्ही कळीचा आणला. कळी विरवताना जपावे लागते. मोठ्या लोखंडी पिंपात आधी पाणी घ्यायचे आणि त्यात कळी थोडी थोडी सोडायची. कळीच्या ढिगावर पाणी ओतले तर उकळता चुना अंगावर उडतो. प्लास्टिकची बादली तर मुळीच घेऊ नका, ती उष्णतेने वितळेल. विरलेला चुना पाण्याखाली झाकून ठेवला की तो वाया जात नाही, उलट मऊ लोण्यासारखा होतो. आम्ही महिनाभर ठेवला. निदान एक रात्र तरी ठेवायलाच हवा. कळी मिळाली नाही तर दुकानात पिशवीतला भुकटी चुना मिळतो, तो चालतो, पण ताजा पाहून घ्या. पिशवी फुटून बरेच दिवस झाले असतील तर त्याने हवेतच आपला वायू घेतलेला असतो. मग तो नुसता खडू, भिंतीला धरणार नाही.

प्रमाण सोपे आहे. एक किलो कळीला सुमारे पाच लिटर पाणी. हे मिश्रण जुन्या सुती लुगड्यातून गाळून घ्यायचे. आमच्याकडे ते काम सासूबाईंनीच केले, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. पांढरेपणा खुलावा म्हणून चिमूटभर नीळ. हाताला पांढरे लागू नये म्हणून दहा लिटरला सुमारे चाळीस ग्रॅम बाभळीचा डिंक गरम पाण्यात विरघळवून घालतात. पण जिथे ओल आहे तिथे डिंक किंवा तांदळाची पेज घालू नका, कारण बुरशीला तेच खाणे मिळते. काही जण मीठ घालतात. मामांनी ते घालू दिले नाही. आपल्या दमट हवेत मीठ पाणी ओढते, हे आपल्याला मिठाच्या बरणीवरूनच माहीत आहे.

भिंतीवर आधी पाणी शिंपडायचे. भिंत ओलसर हवी, निथळती नको. मग काथ्याच्या कुंच्याने ताकासारखा पातळ हात द्यायचा, एकदा उभा आणि दुसऱ्या दिवशी आडवा. चुना खाली बसतो म्हणून दर थोड्या वेळाने ढवळायचे. भर उन्हात काम करायचे नाही, नाहीतर चुना मुरण्याआधीच वाळतो आणि त्याची पूड होते. लावताना तो पाण्यासारखाच दिसतो, खालचे सगळे दिसत राहते. इथेच माझा धीर सुटला. पहिल्या दिवशी मला वाटले, हे काही झाकत नाही. म्हणून मामा जेवायला गेले तेव्हा मी दाट चुना घेऊन पडवीची एक भिंत जाड जाड सारवली. दुसऱ्या दिवशी तिला शेतातल्या भेगांसारख्या भेगा पडल्या आणि पोपडे सुटले. सगळे घासून काढावे लागले. मामा हसून म्हणाले, “वहिनी, घावण पातळच घालायचे असतात ना?” तेव्हापासून मी लक्षात ठेवले. चार पातळ हात दिले आणि चौथ्या दिवशी सकाळी खोली उघडली, तर आत चांदणे पडल्यासारखे वाटले.

रंग हवा असेल तर मातीचेच रंग घाला, गेरू, काव किंवा पिवळी माती. चुन्यात दुसरे बरेच रंग टिकत नाहीत. माझ्या मुलीने पिवळ्या रंगासाठी एका डब्यात हळद टाकली आणि डबाभर कुंकू तयार झाले! ओवाळायच्या तबकातले रोजचे ज्ञान त्या वेळी आम्हा दोघींनाही आठवले नाही. ते तिने न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला फासले. आठ दिवसांत ते विटून गेले.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. चुना डोळ्याचा वैरी आहे. छताकडचा भाग करताना आमच्या यांच्या डोळ्यात शिंतोडा उडाला. मामांनी ओरडून त्यांना नळाखाली धरले, पाव तासाहून जास्त वेळ पाणी सोडत राहिले आणि तसेच दवाखान्यात नेले. डोळा वाचला. तेव्हापासून चष्मा लावल्याशिवाय आमच्याकडे कुणी कुंचा धरत नाही. हातात रबरी मोजे, अंगभर कपडे आणि डोक्याला फडके हवे. मुलांना कामाच्या जवळ येऊ देऊ नका. आणि पानाची चुन्याची डबी किंवा पुडी घरात मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका. पुडी दाबताना चुना उडून मुलांचे डोळे गेल्याची उदाहरणे आहेत.

चुन्याचे गुण सांगितले, तशी त्याची खोडही सांगते, नाहीतर उद्या तुम्ही मला बोल लावाल. बाहेरच्या भिंतीला झडीचा मार लागतो, तिथे एक हात दर वर्षी, फार तर वर्षाआड द्यावाच लागतो. आतल्या भिंती चार-पाच वर्षे चालतात. तेलकट हात लागले तर पुसता येत नाही, म्हणून चुलीमागे किंवा गॅसमागे चुना शोभत नाही. डिंक नसेल तर टेकल्यावर थोडे पांढरे लागते. कौले गळत असतील तर चुना ते थांबवणार नाही. आणि ज्यांची घरे सिमेंटची आहेत आणि त्यांवर प्लास्टिकचा रंग नीट टिकलेला आहे, त्यांनी उगाच तो खरवडू नये. सिमेंटची भिंत कोरी असेल तर तिच्यावर चुना बसतो, पण जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर जसा एकजीव होतो तसा होत नाही. माझे सांगणे आहे ते चिऱ्याच्या आणि मातीच्या भिंतींसाठी.

आता आमच्या घराचे सांगून पुरे करते. २०२२ च्या फाल्गुनात सासूबाई आपल्या खोलीत परत झोपायला गेल्या. पुढच्या पावसाळ्यात मी रोज सकाळी जाऊन भिंतीवर हात ठेवून बघत असे. आषाढात भिंत खाली काळपट ओली दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. पण फुगा आला नाही, पोपडा सुटला नाही, बुरशीचा वास आला नाही. आश्विनात ऊन पडले आणि ओल जशी चढली तशी उतरून गेली. भिंत पुन्हा पांढरी झाली. दमा अगदी बरा झाला असे मी म्हणत नाही, औषध चालू आहे. पण पावसाळ्याच्या रात्री उठून बसणे थांबले. आणि खर्च? २०१८ साली रंगाला जे पैसे गेले, त्याच्या निम्मेही या सगळ्या कामाला लागले नाहीत. त्यातले पुष्कळसे खरवडण्याच्या मजुरीचे, म्हणजे माझ्याच चुकीचे.

दिवाळीआधी आम्ही पुन्हा सगळी कामाला लागतो. आता कुंचा आमचे हे धरतात, चुना मी गाळते आणि सांडलेले मुलगी पुसते. तिचीही कुरकुर चालू असते, जशी माझी होती. सासूबाई पडवीत बसून फक्त म्हणतात, “पातळ कर गो.”

शेवटी मंडळाच्या खोलीविषयी. ती खोलीही चिऱ्याची आणि जुन्या चुन्याच्या गिलाव्याची आहे. तिथे सकाळी बालवाडीची मुले बसतात आणि दुपारी आपल्या वडीलधाऱ्या बायका भजनाला बसतात. खिडकी एकच, तीही पावसात बंद. तिला प्लास्टिकचा रंग देण्यासाठी जी रक्कम काढली आहे ती मी ऐकली आहे. माझी नम्र विनंती अशी की ती रक्कम तशीच ठेवावी, आणि शिमग्यानंतर, ऊन तापायच्या आत, आपण सगळ्यांनी मिळून चार सकाळी त्या खोलीला चुना काढावा. कळी मी विरवून ठेवीन. मामांनी येऊन बघण्याचे कबूल केले आहे. गाळायला जुनी लुगडी प्रत्येकीकडे आहेतच. वाचलेल्या पैशात शिवणवर्गाला एक यंत्र येईल. पावसाळ्यानंतर भिंत बघा. माझे चुकले असेल, तर पुढच्या वर्षी तुम्ही म्हणाल तो रंग द्या, मी पुन्हा मागच्या रांगेतून काही बोलणार नाही.

 घरात म्हातारे माणूस काही सांगत असेल तर ते सगळे ठरवून झाल्यावर नव्हे, आधी ऐका, एवढेच शेवटी सांगते आणि माझे बोलणे पुरे करते. आता उसळ गार होण्याआधी मला आत गेले पाहिजे.